जुना फुल फ्रेम घ्यावा का? आधी लेन्सचा हिशेब मांडा

प्रश्न : माझ्याकडे कॅनन २०० डी आहे. सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ एसटीएम. नोकरी सांभाळून ओळखीपाळखीत बारशी, मुंजी, साखरपुडे काढतो. यंदा दोन लग्नांची विचारणा आली आहे. कार्यालयात दिवेलागणीनंतर फोटोत दाणे येतात आणि बरेच फोटो हललेले निघतात. कोल्हापूरचे एक स्टुडिओवाले त्यांचा सोनी ए७ मार्क २ आणि २८-७० लेन्स मिळून ५२ हजारांना द्यायला तयार आहेत. शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेले फोटो, ३८ हजार आहे म्हणतात. माझं बजेट ६० हजारांचं. फुल फ्रेम इतक्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही, असं मित्र म्हणतात. घेऊन टाकू का? आणि घेतला तर २०० डी विकू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही जे काम सांगताय त्यासाठी हा सौदा करू नका. कॅमेरा वाईट आहे म्हणून नव्हे. त्याच्यासोबत येणारी लेन्स तुमच्या कामाची नाही आणि त्याचा फोकस लग्नाच्या धांदलीत पुरा पडत नाही म्हणून.

लेन्सचा हिशेब आधी करू, कारण मित्रमंडळी नेमकी तीच गोष्ट विसरतात. २०० डीचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, तर ए७ मार्क २ सारख्या फुल फ्रेमचा ३६ बाय २४ च्या आसपास. क्षेत्रफळ अडीच पटीहून थोडं जास्त भरतं. म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर आणि प्रकाश तेच ठेवले, तर फुल फ्रेमला सव्वा ते दीड स्टॉपचा फायदा होतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हा फायदा खरा आहे, दिसतोही. पण २८-७० ही लेन्स ७० एमएमवर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. तुमची ५० एमएम एफ १.८ ला उघडते आणि तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे सव्वातीन स्टॉप जास्त.

आता कार्यालयातला प्रसंग घ्या. स्टेजवरचा चेहरा २०० डी आणि ५० एमएमने एफ १.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) १६०० ला नीट येतोय असं धरू. ए७ मार्क २ वर किट लेन्स लावून त्याच जागेवरून तितकाच उजेड हवा असेल, तर आयएसओ १६००० च्या घरात जाईल. त्यातून फुल फ्रेमचा फायदा वजा केला तरी दाणे २०० डीच्या आयएसओ ६४०० इतके दिसतील. म्हणजे ५२ हजार मोजून फोटो आजच्यापेक्षा दोन स्टॉप खराब. चांगली एफ २.८ झूम घेतली तर चित्र बदलतं, पण ती ६० हजारांतल्या उरलेल्या आठ हजारांत येत नाही. त्या आठांतून तर बॅटऱ्यासुद्धा घ्यायच्या आहेत.

आता फोकसकडे येऊ. ए७ मार्क २ २०१४ च्या अखेरीस आला. बॉडीतच पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन देणारा तो पहिला फुल फ्रेम कॅमेरा, आणि त्याचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आजही लाज आणत नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे ए७ सारख्या आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, सेन्सर सावकाश म्हातारा होतो. आधी जुना होतो तो फोकस, मग बॅटरी, मग कार्डाचे स्लॉट. या बॉडीत फेज डिटेक्टचे (झटपट फोकस घेणारे) ११७ पॉइंट आहेत, पण ते मधल्या भागात गोळा झालेले. डोळा पकडणारा फोकस आहे, पण तो एखादं बटण नेमून दिल्याशिवाय हाताशी येत नाही, आणि चालतो फक्त सिंगल शॉट फोकसमध्ये, म्हणजे एकदा धरला की तिथेच थांबणाऱ्या. नवरानवरी मांडवाकडे चालत येताना, म्हणजे जिथे खरी गरज, तिथे त्याचा उपयोग नाही. टच स्क्रीन नाही, फोकस पॉइंट हलवायला जॉयस्टिक नाही. पूर्ण सायलेंट शटर नाही. कार्ड एकच. एका एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरीवर कंपनीच्याच आकड्याने ३५० च्या आसपास फोटो, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढले तर त्याहून कमी. लग्नाच्या दिवसाला चार बॅटऱ्या धरा, त्याही अस्सल. डुप्लिकेट बॅटरी दोन पावसाळ्यांत फुगली की खाचेत अडकून बसते.

स्टॅबिलायझेशनबद्दल एक गैरसमज हमखास असतो. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. १/१५ ला मांडवाचे खांब कोरल्यासारखे येतील आणि अक्षता टाकणारे हात धुरकट. म्हणून ‘फोटो हलतात’ या तक्रारीचं आधी नीट निदान करा.

मागच्या समारंभातले वीसेक बिघडलेले फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठे करून बघा. फोटोतलं सगळंच एकाच दिशेने दुहेरी झालं असेल, तर हात हलला. मागची फुलांची सजावट स्वच्छ आणि फक्त हात किंवा चेहरा पुसट असेल, तर शटर कमी पडलं. आणि डोळे मऊ पण कान किंवा शालूचा काठ धारदार असेल, तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्या दोन्हींसाठी एम (मॅन्युअल) मोड, शटर १/२००, ॲपर्चर एफ २ ते २.२, ऑटो आयएसओ आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ६४००, अशी मांडणी करून ठेवा. फोटो काळोखा घेऊन नंतर उजळवायची सवय असेल तर ती सोडा; निम्मे दाणे तिथूनच येतात. आयएसओ ३२०० ला नीट उजेडात घेतलेला फोटो, ८०० ला काळा घेऊन दोन स्टॉप उजळवलेल्या फोटोपेक्षा स्वच्छ असतो.

तिसरं कारण निघालं, आणि ५० एमएम पूर्ण उघडी वापरत असाल तर तेच निघायची शक्यता मोठी, तर दोष व्ह्यूफाइंडरच्या वाटेचा आहे. २०० डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे फक्त नऊ पॉइंट आहेत, त्यातला मधला एकच क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघा धरणारा. शिवाय लेन्स थोडी पुढे-मागे फोकस करत असेल तर ती बॉडीत जुळवून घ्यायची सोय या मॉडेलमध्ये नाही. पण याच कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, ड्युअल पिक्सेल फोकस आहे. तो सेन्सरवरूनच फोकस घेतो, त्यामुळे पुढे-मागेचा प्रश्नच येत नाही, चेहराही ओळखतो. स्क्रीन उघडून, कोपर अंगाला टेकवून एक कार्यक्रम तसा काढून बघा. बॅटरी भराभर उतरेल, दोन जास्तीच्या ठेवा.

आता ६० हजार खर्चायचेच असतील तर पहिला खर्च फ्लॅशचा. फिरणारं डोकं असलेला, टीटीएल चालणारा (उजेड मोजून आपोआप ठरवणारा) फ्लॅश घ्या. गोडॉक्सचा टीटी६८५ कॅननसाठी येतो आणि भरपूर लोक वापरतात. तुमच्याकडे पहिला २०० डी आहे हे बरं झालं. २०० डी मार्क २ च्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) मधली पिनच नाही, त्यामुळे साधे फ्लॅश ट्रिगर तिथे पेटत नाहीत. फ्लॅश समोरून मारू नका. पांढरं छत असेल तर डोकं वर आणि थोडं मागे वळवून, १/१६०, एफ ४, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. मात्र वर गुलाबी-पिवळं कापड ताणलं असेल तर छतावरून उजेड उडवू नका, सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसेल. तिथे बाजूची पांढरी भिंत शोधायची, नाहीतर फ्लॅशला छोटा सॉफ्टबॉक्स लावायचा.

दुसरा खर्च लेन्सचा. सिग्माची १८-३५ एफ १.८ आर्ट कॅनन माउंटमध्ये वापरलेली मिळते. क्रॉप बॉडीवर (२०० डीसारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती फुल फ्रेमच्या साधारण २९-५६ इतकं दृश्य देते, आणि दाणे व मागची धूसरता यांच्या हिशेबात फुल फ्रेमवरच्या एफ २.८ झूमच्या तोडीला येते. म्हणजे ए७ मार्क २ वर महागडी झूम चढवून जे मिळवायचं, त्यातलं बरंचसं हातातल्या बॉडीवर मिळतं. वजन ८१० ग्रॅम आहे, संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागेल. व्ह्यूफाइंडरमधून तिचा फोकस लहरी असतो, इथेही लाइव्ह व्ह्यूच. पुढेमागे फुल फ्रेमवर जायचं पक्कं असेल तर मात्र ही घेऊ नका, ती क्रॉपसाठीच बनवलेली आहे. मग वापरलेली ईएफ ८५ एमएम एफ १.८ बघा, ती पुढच्या बॉडीवरही चालेल.

आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, काढत जा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून जो दाणे काढणारा डीनॉइझ आला आहे, तो २०० डीच्या रॉ फाइलवर उत्तम चालतो. ग्राफिक्स कार्ड साधं असेल तर एकेका फोटोला वेळ लागतो, म्हणून तो सगळ्या अल्बमवर चालवायचा नाही, निवडक फोटोंवरच.

एवढं सगळं करूनही फुल फ्रेमचीच ओढ असेल, तर तुमच्यासारख्या कॅननवाल्याने जुन्यांत आधी ईओएस आरपी बघावा. २०१९ चा, २६ मेगापिक्सेलचा, बॅटरी-कार्डासह ४८५ ग्रॅमचा. बॅटरी २०० डीचीच, एलपी-ई१७. ईएफ ते आर ॲडॉप्टर (जुन्या कॅनन लेन्स नव्या बॉडीवर बसवणारं कडं) लावला की तुमची ५० एमएम मूळच्याच चपळाईने फोकस करते, आणि चालत्या माणसाचा डोळाही हा कॅमेरा धरून ठेवतो. उणिवा स्पष्ट आहेत : बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, कार्ड एकच, बॅटरी २५० फोटोंची, फोर-के व्हिडिओला चौकट खूपच कापली जाते. तुमची १८-५५ त्यावर बसेल, पण फोटो दहा मेगापिक्सेलचा होईल.

पैसे घेऊन लग्नं काढायची असतील तर घेण्यासारखा जुना कॅमेरा म्हणजे सोनी ए७ मार्क ३, २०१८ चा. ६९३ फोकस पॉइंट जवळपास सगळ्या चौकटीवर पसरलेले, एनपी-एफझेड१०० बॅटरीवर ७१० फोटो, आणि मुख्य म्हणजे दोन कार्डं. दोन्हींवर एकदम लिहून घेता येतं. लग्न परत होत नाही आणि कार्ड सांगून जात नाही. निकॉन झेड५ मध्येही दोन एसडी स्लॉट आहेत, पण तुमच्या लेन्सचा तिथे उपयोग नाही. लेन्ससकट ए७ मार्क ३ तुमच्या बजेटबाहेर जाईल. तेव्हा आत्ता फ्लॅश घ्या, दोन लग्नं २०० डीवर काढा, कार्डाची भीती असेल तर हळद, सीमांतपूजन, लग्न प्रत्येकाला वेगळं कार्ड घाला, आणि मिळालेले पैसे बाजूला टाका.

ए७ मार्क २ मग कोणी घ्यावा? ज्याचा विषय हलत नाही त्याने. कासचं पठार, किल्ले, मंदिरांचे गाभारे, वस्तूंचे फोटो, ट्रायपॉड, जुन्या मॅन्युअल लेन्स. त्या कामाला या किमतीत त्याच्याइतकं देणारं फार थोडं आहे. फक्त कासच्या पावसात तो उघडा काढू नये.

एवढं वाचूनही कोल्हापूरला जाणारच असाल, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. स्वतःचं एसडी कार्ड, लॅपटॉप, छोटी टॉर्च, एअर ब्लोअर आणि वर्तमानपत्राचं एक पान एवढं न्या, आणि तासभर वेळ मागून घ्या. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

शटर काउंट तोंडी ऐकायचा नाही. तुमच्या कार्डावर एक जेपीईजी काढा आणि एक्झिफटूलमध्ये (फोटोत दडलेली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच राहते. ३८ हजार हा आकडा बरा आहे. पण बॉडी स्टुडिओची आहे. व्हिडिओच्या तासांची नोंद त्या आकड्यात होत नाही. म्हणून मायक्रो एचडीएमआयची खाच तपासा. केबल लावून हलकेच हलवली की चित्र जात असेल, तर ती बॉडी स्टेजशेजारी स्क्रीनला जोडून राबवलेली आहे. वीस मिनिटं सलग व्हिडिओही चालवून बघा.

सेन्सरसाठी लेन्स एफ १६ वर, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. मऊ कडांचे काळे ठिपके ही धूळ. ब्लोअरने उडाली तर सोडून द्या. बारीक, धारदार, दर फोटोत त्याच जागी असलेली रेघ म्हणजे ओरखडा, तिथे बोलणी थांबवा. लेन्स काढून टॉर्चच्या तिरक्या उजेडात सेन्सरची काच आणि लेन्सच्या आतल्या काचाही बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती धरतेच, आणि किट लेन्सची सफाई करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीशी बरोबरी करतो.

नंतर झाकण लावून आयएसओ ३२०० ला १/६० आणि मग ३० सेकंदांचा एक फोटो काढा. लांब एक्स्पोजरमध्ये थोडे रंगीत ठिपके चालतात. १/६० लाही ठसठशीत दिसले तर किंमत पाडा.

वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सरळ चिकटवा, कॅमेरा टेबलावर ठेवून एफ ८ ला समोरून फोटो घ्या आणि चारही कोपरे तपासा. एकच बाजू मऊ आली तर लेन्स पडलेली आहे किंवा सेन्सर एका अंगाला कलला आहे. दुसरी लेन्स लावूनही तीच बाजू मऊ असेल तर दोष बॉडीचा. स्टॅबिलायझेशनसाठी हातात धरून ५० एमएमला १/१० चे दहा फोटो काढा. सहा-सात स्वच्छ यायला हवेत. बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत व्हायला हवं. ते थरथरत असेल किंवा धक्का खात असेल तर ते युनिट बिघडत चाललं आहे, आणि या बॉडीत सगळ्यात महाग दुरुस्ती तीच.

बाकी भराभर : लेन्स माउंटवर डुलते का, तळाच्या स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का (म्हणजे बॉडी उघडली गेली आहे), चाकं फिरवताना आकडा उडी मारतो का, वर लावलेला फ्लॅश दहा वेळा लागोपाठ पेटतो का, स्क्रीनचा थर फुगे येऊन सुटलाय का. हे शेवटचं या मालिकेत बरंच दिसतं. ते फक्त दिसायला वाईट, कामाला नाही. मेनूत फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) २.०० किंवा त्यापुढचं हवं, अनकम्प्रेस्ड (न दाबलेला) रॉ तिथून आला.

मेनूतच भाषाही बघा. इंग्रजीचा पर्यायच नसेल आणि फक्त जपानी असेल, तर ती बॉडी जपानच्या बाजारातली आहे. ती भाषा बदलत नाही, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. तळावरचा सिरीयल नंबर मूळ बिलाशी जुळवा. मूळ बिल हरवलं असेल तर विक्रेत्याकडून नाव, तारीख आणि सिरीयल नंबर घातलेली सही-शिक्क्याची पावती घ्या. पैसे ऑनलाइन द्या आणि आठ दिवसांत दोष निघाला तर परत घेण्याचं त्याच पावतीवर लिहून घ्या. स्टुडिओवाला सहसा एवढ्याला नाही म्हणत नाही. म्हणालाच तर समजून घ्या.

२०० डी कोणत्याही परिस्थितीत विकू नका. विकून हातात येईल त्यात एक बरी लेन्सही बसणार नाही, आणि लग्नाला दुसरी बॉडी लागतेच. ५० एमएम तिच्यावर कायम ठेवा, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घालून.